महालक्ष्मीच्या जेवणासाठी न चाखता जमेल अशी सोपी भाजी सुचवावी

दुधनाकाठ | 20 ऑगस्ट 2025, रात्री 9:40

सर्वांना नमस्कार.

आमच्याकडे परभणीला उभ्या महालक्ष्म्या असतात. यंदा ज्येष्ठा नक्षत्राचे पूजन सोमवारी, 1 सप्टेंबरला आहे आणि महाप्रसादाचे जेवण आमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे संध्याकाळच्या आरतीनंतर होते. सवाष्ण, ब्राह्मण, घरचे आणि शेजारचे मिळून साधारण तीस पाने असतात. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया जुलैमध्ये झाल्यामुळे त्यांना ओट्याशी उभे राहता येणार नाही, म्हणून स्वयंपाकाची मुख्य जबाबदारी या वर्षी पहिल्यांदाच माझ्याकडे आली आहे. पुरणपोळ्या करायला माझ्या दोन्ही जावा आहेत. ज्वारीच्या पिठाची आंबील, पडवळ घातलेली कढी, पंचामृत आणि सोळा भाज्यांची एकत्र भाजी ठरलेली आहे, आणि बटाट्याची पिवळी भाजीही होणारच आहे. या सगळ्याच्या जोडीला पानात डाव्या बाजूला आणखी एक भाजी लागते आणि ती सोपी असावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

सोपी म्हणजे कशी, ते सांगते. नैवेद्य दाखवेपर्यंत आम्ही काहीही चाखत नाही. मागच्या वर्षी फरसबीची भाजी माझ्याकडे होती. मी मीठ घातले होते, आणि मी आरतीची तयारी पाहायला गेले असताना जाऊबाईंनी घातलेले नसावे असे समजून पुन्हा घातले. पाने वाढून झाल्यावर ते सगळ्यांच्या लक्षात आले. कोणी एक शब्दही बोलले नाही, पण सगळ्यांच्या पानांत ती भाजी तशीच राहिली आणि मला ते आजही बोचते. त्यामुळे कांदा-लसूण नसलेली, तासभर आधी करून ठेवता येईल, आणि चाखल्याशिवाय मीठ-तिखट बरोबर जमेल अशी कोणती भाजी करावी, ते अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

माजघर | 20 ऑगस्ट 2025, रात्री 10:25

दुधनाकाठ ताई, लाल भोपळ्याची भाजी करावी. सणाच्या पंगतीला तिच्याइतकी सोयीची दुसरी भाजी मला माहीत नाही. ती चिरायला फरसबीसारखी तासभर लागत नाही, पंधरा-वीस मिनिटांत शिजते, निवल्यावरही चांगली लागते आणि गूळ, चिंच, मेथीदाणा या तीन गोष्टींमुळे पुरणाच्या जेवणात तोंडाला चव आणते. फोडणीत मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, सुक्या लाल मिरच्या आणि कढीपत्ता घालावा, फोडी परतून झाकणावर पाणी ठेवून शिजवाव्यात, शेवटी चिंचेचा कोळ, गूळ आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची पूड घालावी. मेथीदाणे मात्र गुलाबी होताच पुढचा जिन्नस घालावा. ते काळसर झाले तर सगळी भाजी कडू होते आणि नंतर गूळ वाढवूनही तो कडवटपणा जात नाही.

केवडा | 21 ऑगस्ट 2025, सकाळी 7:15

माझे मत दुधी भोपळ्याच्या बाजूने आहे. हरभऱ्याची डाळ भिजवून घातलेली दुधीची भाजी नैवेद्याला चालते, चवीला सौम्य असते आणि लहान मुलेही खातात.

माजघर | 21 ऑगस्ट 2025, सकाळी 8:02

केवडा, भाजी चांगलीच आहे, पण ताईंची अडचण लक्षात घेता मी ती सुचवणार नाही. दुधी कच्चा असताना प्रत्येक फळाचा तुकडा चाखून पाहावाच लागतो. कडू दुधीने उलट्या आणि पोटाचा गंभीर त्रास होतो, आणि शिजवल्याने तो कडूपणा नाहीसा होत नाही. काकडीचेही तसेच आहे, तिचे टोक कापून चाखल्याशिवाय कोशिंबिरीत घालू नये. ज्यांना पूजेच्या दिवशी काहीच चाखायचे नाही त्यांनी दुधी आणि काकडी आदल्या दिवशी चिरून, चाखून, मग झाकून ठेवावी लागेल, आणि चिरलेला दुधी रात्रभरात काळा पडतो. लाल भोपळा क्वचितच कडू निघतो. तरीही मी त्याचा एक तुकडा आदल्या दिवशी चाखून पाहते.

केवडा | 21 ऑगस्ट 2025, सकाळी 8:20

हे माझ्या लक्षात आले नव्हते. दुधीची सूचना मागे घेते.

वर्धाकाठ | 21 ऑगस्ट 2025, सकाळी 11:30

आमच्याकडेही महालक्ष्म्यांना कोहळ्याची भाजी असतेच. सोळा भाज्यांतही कोहळं घालतात आणि त्याची वेगळी भाजीही करतात. आमच्या आईची पद्धत अशी होती की फोडणीत तीळ घालायचे आणि शेवटी खसखस व खोबरे भाजून, वाटून लावायचे. त्या वाटणामुळे फोडींना सुटलेले पाणी धरले जाते आणि पानात भाजीचा रस पुरणपोळीकडे वाहत जात नाही. पंगतीच्या भाजीत मला हा गुण फार महत्त्वाचा वाटतो.

प्राजक्त | 21 ऑगस्ट 2025, दुपारी 12:10

वर्धाकाठ, एक शंका आहे. आमच्याकडे पुण्यात कोहळा म्हणजे पांढरा, राख लावल्यासारखा दिसणारा, ज्याचा पेठा करतात आणि जो सांडग्यांत घालतात तो. त्याची गुळाची भाजी मी कधी पाहिली नाही. आपण त्याच्याबद्दल बोलत आहात का?

वर्धाकाठ | 21 ऑगस्ट 2025, दुपारी 12:45

नाही. आमच्या विदर्भात लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणतात. श्राद्धपक्षात आणि सणांना आम्ही कोहळ्याचे बोंडं करतो, तेही ह्याच लाल भोपळ्याचे. दुकानात मागताना मात्र हा फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण माझी बहीण लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा तिने भाजीवाल्याकडे कोहळं मागितले आणि घरी पांढरा कोहळा आला.

तापीकाठ | 21 ऑगस्ट 2025, दुपारी 3:30

आमच्या खानदेशात ह्यालाच गंगाफळ म्हणतात. वरण-बट्टीच्या पंगतीत गंगाफळाची भाजी असली की लोक दुसऱ्यांदा मागून घेतात. गावातल्या भंडाऱ्यांसाठी मी तीस वर्षे स्वयंपाकाला उभा राहिलो आहे, म्हणून दुधनाकाठ ताईंना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली भांड्याची. ही भाजी बिघडते ती मिठाने कमी आणि भांड्याने जास्त. तीन किलो फोडी उंच पातेल्यात भरल्या की खालच्या फोडींवर वरच्यांचा भार पडतो, तळाच्या फोडींचा लगदा होतो आणि वरच्या कच्च्या राहतात. मग आपण ढवळत बसतो आणि ढवळल्याने उरलेल्याही मोडतात. पसरट कढई घ्यावी, फोडींचे दोनच थर होतील एवढ्याच एका वेळी घालाव्यात आणि भाजी दोन घाण्यांत करावी. पळीने ढवळू नये. झाऱ्याने तळातून उचलून उलथावे, तेही शिजेपर्यंत दोन-तीन वेळाच. भोपळ्याच्या गरात पाण्याचेच प्रमाण फार मोठे असते, त्यामुळे वरून पाणी घालण्याची गरजच नाही.

दुसरी गोष्ट गॅस बंद करण्याची. फोडीत सुरी जाते आहे पण थोडी अडते आहे, अशा वेळी बंद करावे. मोठ्या भांड्यातली भाजी स्वतःच्या उष्णतेने पुढे दहा मिनिटे शिजत राहते. घरी पाव किलोच्या भाजीत हे जाणवत नाही, पण तीस पानांच्या भाजीत नेमके इथेच चुकते. पूर्ण शिजल्यावर गॅस बंद केला तर पानात वाढेपर्यंत भाजीचे भरीत झालेले असते.

दुधनाकाठ | 21 ऑगस्ट 2025, रात्री 9:05

सर्वांचे मनापासून आभार. लाल भोपळाच करायचे ठरवले आहे. आमच्या घरी सासूबाई त्याला काशीफळ म्हणतात, म्हणजे एकाच फळाची चार नावे या धाग्यावर झाली. तापीकाठ काका, भांड्याचे मला अजिबात सुचले नसते, मी मोठे पातेलेच काढून ठेवले होते. आता मोजमाप विचारते. तीस पानांना किती भोपळा आणावा, आणि माझा मूळ प्रश्न, मीठ किती?

माजघर | 21 ऑगस्ट 2025, रात्री 10:40

पान भरलेले असल्यामुळे प्रत्येकाला एक मोठा डाव भाजी पुरते. चिरलेल्या फोडी माणशी 75 ग्रॅम धराव्यात. तीस पानांना सव्वादोन किलो होतात, आणि दुसऱ्यांदा घेणाऱ्यांसाठी आणखी अर्धा किलो. साल, बिया आणि आतले धागे काढल्यावर साधारण पाव भाग वजन कमी होते, म्हणून अख्खे फळ साडेतीन ते पावणेचार किलोचे घ्यावे.

मिठासाठी माझे अनेक वर्षांचे प्रमाण आहे: चिरलेल्या अर्धा किलो भाजीला चहाचा एक सपाट चमचा बारीक मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचे मीठ सारून घेतलेला. हे प्रमाण साल काढून, चिरून झाल्यावर वजन करून धरायचे असते. बाजारातून आणलेल्या वजनावर धरले तर भाजी खारट होणारच. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा तीस पानांच्या स्वयंपाकात फार मोठा आधार असतो. आमच्या आधीच्या पिढीच्या हाताला जो अंदाज होता तो वर्षानुवर्षे त्याच भांड्यांत, तेवढ्याच माणसांसाठी रांधल्याने आला होता. वर्षातून एकदाच तीस पानांचे करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो अंदाज आपल्याकडे आपोआप असेल असे समजून स्वतःला दोष देऊ नये.

आणि मागच्या वर्षी आपल्याकडे जे झाले ते पुन्हा होऊ नये म्हणून एक सुचवते. आदल्या रात्री प्रत्येक पदार्थाचे मीठ मोजून वेगवेगळ्या वाट्यांत काढावे, वाटीखाली पदार्थाचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि मिठाचा मोठा डबा त्या दिवशी ओट्यावरून हलवावा. वाटी रिकामी दिसली म्हणजे मीठ पडले. कोणी कोणाला विचारण्याची गरज राहत नाही.

दुधनाकाठ | 21 ऑगस्ट 2025, रात्री 11:00

माजघर ताई, वाट्यांची युक्ती वाचून डोळ्यांत पाणी आले. वर्षभर मनात असलेल्या गोष्टीवर इतका साधा उपाय असेल असे वाटले नव्हते.

चिंचपान | 22 ऑगस्ट 2025, सकाळी 9:50

माजघर यांनी चिंचेचा कोळ शेवटी घालायला सांगितले आहे. माझा अनुभव वेगळा आहे. भाजी तासभर आधी करून ठेवायची असेल तर चिंच सुरुवातीलाच घालावी. आंबट पदार्थासोबत भाजी शिजवली की ती मऊ व्हायला जास्त वेळ लागतो, कारण फोडींना बांधून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात लवकर सुटत नाही. बटाटे टोमॅटोच्या रसात लवकर शिजत नाहीत हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे, त्याचे कारण हेच. भोपळ्याच्या बाबतीत हा दोष आपल्या उपयोगी पडतो. फोडी अखंड राहतात आणि पुन्हा गरम केल्यावरही मोडत नाहीत.

कोळ घालायचा तर भांडे कोणते आहे तेही पाहावे. सणाला बरेच जण पितळी पातेली काढतात. कल्हई उडालेल्या पितळेत चिंच कळकते आणि भाजी खाण्याजोगी राहत नाही. स्टील किंवा नीट कल्हई केलेले भांडे वापरावे.

माजघर | 22 ऑगस्ट 2025, सकाळी 11:20

चिंचपान, पेक्टिनचे म्हणणे पटते, परंतु चिंच आधी घातल्यावर फोडी काही वेळा आतून दडस राहतात आणि त्यांत मीठ-तिखट मुरत नाही, असे मी पाहिले आहे. विशेषतः जून भोपळ्यात.

तापीकाठ | 22 ऑगस्ट 2025, दुपारी 1:15

दोघींचेही बरोबर आहे आणि ते फळावर अवलंबून आहे. कोवळे, पातळ सालीचे, पाणचट फळ असेल तर कोळ आधी घालावा. जून, घट्ट, गर्द केशरी गराचे असेल तर फोडी अर्ध्या शिजल्यावर घालावा. गूळ मात्र दोन्ही वेळा शेवटीच घालावा, कारण गूळ विरघळला की भाजी पातळ होते आणि मग ती आटवण्यासाठी जास्त शिजवली जाते.

फळ निवडताना देठ सुकलेला असावा, साल नखाने टोचली जाऊ नये आणि आकाराच्या मानाने फळ जड लागावे. अख्खा भोपळा थंड, कोरड्या जागी कित्येक आठवडे टिकतो, म्हणून गणेश चतुर्थीच्या आधीच आणून ठेवावा. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी बाजारात हिरव्या पाठीच्या कापलेल्या फाकीच उरतात आणि भावही चढलेला असतो.

मांडवी | 22 ऑगस्ट 2025, दुपारी 4:05

गोव्यात लाल भोपळ्याला आम्ही दुदी म्हणतो, म्हणजे दुधनाकाठ यांच्या यादीत पाचवे नाव धरावे. चवथीच्या खतखत्यात तो असतोच. खतखते हे सोप्या भाज्यांत मोडत नाही, त्यामुळे त्याची कृती इथे देत नाही. परंतु त्यातून एक गोष्ट घेता येईल. खतखते करताना भोपळ्याच्या फोडी सर्वांत शेवटी आणि इतर भाज्यांपेक्षा मोठ्या चिरून घालतात. तुमच्या सोळा भाज्यांच्या भाजीलाही तोच क्रम ठेवावा, नाहीतर भोपळा विरघळून सगळ्या भाज्या केशरी होतात.

आमच्याकडे ओले खोबरे घालतात, पण आपण सुकेच घालावे. भाजी तासभर आधी होणार, आरतीला उशीर झाला तर दोन-अडीच तास थांबणार, आणि भाद्रपदाच्या दमट हवेत ओल्या खोबऱ्याची भाजी लवकर आंबते.

हडसनकाठ | 23 ऑगस्ट 2025, सकाळी 6:30

मी न्यू जर्सीत राहते. आमच्याकडेही गौरी असतात आणि जेवण रात्रीच होईल. इथल्या वाचकांच्या उपयोगासाठी लिहिते. ऑक्टोबरमध्ये कोरून दिवे करण्यासाठी जे मोठे केशरी भोपळे विकायला येतात ते भाजीसाठी घेऊ नयेत, त्यांचा गर पाणचट आणि धागेदार असतो. बटरनट स्क्वॉश सर्वांत जवळचा पर्याय आहे. तो आपल्या भोपळ्यापेक्षा घट्ट आणि गोड असल्यामुळे गूळ निम्माच घालावा आणि शिजताना पाण्याचा एक हबका मारावा. काबोचा नावाचा हिरव्या सालीचा भोपळा मिळतो, तो शिजवल्यावर उकडलेल्या रताळ्यासारखा कोरडा लागतो. त्याची साल काढली नाही तरी चालते.

प्राजक्त | 23 ऑगस्ट 2025, सकाळी 10:10

मसाल्याबद्दल कोणी लिहिलेले नाही. घरचा गोडा मसाला असेल तर प्रश्न नाही, पण विकतचा काळा मसाला घालणार असाल तर पाकिटावरचे जिन्नस वाचून घ्यावेत. बऱ्याच काळ्या मसाल्यांत कांदा-लसूण असतो. नैवेद्याच्या स्वयंपाकात तो नकळत पडू नये.

दुधनाकाठ | 24 ऑगस्ट 2025, रात्री 8:50

आज रविवार होता म्हणून अर्धा किलोची भाजी करून पाहिली. मनात असे आले की पूजेच्या दिवशी चाखता येत नाही, पण आठ दिवस आधी तर चाखता येते! आज चाखून प्रमाण ठरवायचे आणि त्या दिवशी तेच वजनाने वाढवायचे.

अर्धा किलो फोडींना मी हे घेतले: दोन मोठे चमचे तेल, पाव चमचा मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, चिमूटभर हिंग, अर्धा चमचा हळद, दोन सुक्या मिरच्या, एक सपाट चमचा मीठ, चहाचे दोन चमचे दाट चिंचेचा कोळ, लहान सुपारीएवढा गूळ, एक मोठा चमचा भाजलेल्या खोबऱ्याची पूड आणि तेवढेच भाजलेले तीळ कुटून. मीठ अगदी बरोबर झाले. सासूबाईंनी खुर्चीवर बसून चव घेतली आणि गूळ थोडा कमी करायला सांगितले. आता हे सगळे सहापट करायचे का?

तापीकाठ | 24 ऑगस्ट 2025, रात्री 9:45

ताई, सगळे सहापट करू नये. मीठ, चिंच, गूळ आणि वाटण वजनाच्या हिशेबाने सहापट घ्यावे. तेल चौपट पुरते, कारण कढईच्या तळाला लागणारे तेल फोडींच्या प्रमाणात वाढत नाही. हिंग, मेथीदाणे आणि मिरची ह्या तीन गोष्टी चौपटच घ्याव्यात. त्या पूर्ण प्रमाणात वाढवल्या तर मोठ्या भाजीत डोईजड होतात असा माझा अनुभव आहे.

पाण्याचे गणित मात्र उलटे आहे. लहान कढईत वाफ भराभर उडून जाते. मोठ्या भांड्यात फोडींच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे सुटलेले पाणी तिथेच राहते. म्हणून अर्ध्या वेळेनंतर झाकण काढून टाकावे आणि मीठही तेव्हाच घालावे. आधी मीठ घातले तर फोडी लगेच पाणी सोडतात आणि परतल्या न जाता उकडल्या जातात.

माजघर | 24 ऑगस्ट 2025, रात्री 10:15

तापीकाठ काकांशी सहमत आहे. दोन घाण्यांत करणार असाल तर मिठाची वाटीही दोन भागांत काढावी. एका वाटीतून दोनदा अंदाजाने घालायचे म्हटले की मोजण्याचा उपयोग राहत नाही.

केवडा | 25 ऑगस्ट 2025, सकाळी 9:00

भोपळा चिरण्याबद्दल एक विचारायचे आहे. आमच्या घरी अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव घरातल्या पुरुषाने घालायचा असा रिवाज आहे. आपल्याकडे आहे का?

वर्धाकाठ | 25 ऑगस्ट 2025, सकाळी 10:30

आमच्याकडेही आहे. वडील पहिला घाव घालून दोन भाग करून देत, मग पुढचे आई विळीवर करायची. रिवाज पाळावा की नाही हे ज्याच्या त्याच्या घरी ठरावे, पण जून भोपळा फोडायला जोर लागतो आणि सुरी निसटून हात कापण्याची भीती असते, म्हणून कोणीही चिरले तरी खाली ओले फडके घालून भोपळा स्थिर करावा, देठाच्या बाजूने सुरीचे टोक रोवून मग दाबावे. दोन भाग झाल्यावर सपाट बाजू खाली ठेवून चिरणे सोपे जाते.

प्राजक्त | 25 ऑगस्ट 2025, दुपारी 2:20

सालीचे काय करावे? माझ्या आजेसासूबाई साल ठेवत असत.

चिंचपान | 25 ऑगस्ट 2025, दुपारी 3:00

कोवळ्या भोपळ्याची साल ठेवावी, तिच्यामुळे फोड धरून राहते. जून फळाची साल शिजूनही चिवट राहते. एक मधला मार्ग म्हणून मी साल पट्ट्या-पट्ट्यांनी काढते, म्हणजे प्रत्येक फोडीवर थोडी साल राहते. फोडी दीड इंचाच्या ठेवाव्यात, लहान केल्या तर पंगत बसेपर्यंत टिकत नाहीत.

दुधनाकाठ | 30 ऑगस्ट 2025, रात्री 10:00

उद्या आवाहन आहे, भाजी-भाकरीचा नैवेद्य आहे. भोपळा चतुर्थीच्या आदल्या दिवशीच आणला, तीन किलो आठशे ग्रॅमचा. खोबरे आणि तीळ भाजून, कुटून डब्यात भरले आहेत. चिंच उद्या रात्री भिजत घालीन. सगळ्या पदार्थांच्या मिठाच्या वाट्यांसाठी चिठ्ठ्या माझ्या मुलीने लिहून दिल्या आहेत.

दुधनाकाठ | 3 सप्टेंबर 2025, सायंकाळी 6:15

काल विसर्जन झाले आणि आज निवांत बसून लिहिते आहे.

भोपळा रविवारी रात्री यजमानांनी फोडून दिला. गर गर्द केशरी आणि घट्ट होता, एक तुकडा तेव्हाच चाखून पाहिला. साल-बिया काढून दोन किलो नऊशे ग्रॅम फोडी भरल्या. माजघर ताईंच्या प्रमाणाने मीठ सहा चमच्यांना किंचित कमी येत होते. तीळ आणि वाटण धरून मी पावणेसहा चमचे मोजले आणि दोन वाट्यांत काढले. चिरलेल्या फोडी फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या.

सोमवारी साडेपाचला पहिला घाणा लावला. फोडणीत मेथीदाणे घातल्यावर मी कढईवरून नजर हलवली नाही. फोडी तेलावर चार-पाच मिनिटे परतल्या, झाकणात पाणी ठेवून सात मिनिटे वाफ दिली, मग झाकण काढून मीठ आणि चिंचेचा कोळ घातला. जून फळ असल्यामुळे कोळ तापीकाठ काकांनी सांगितल्याप्रमाणे अर्ध्यावरच घातला. आणखी पाच मिनिटांनी गूळ आणि वाटण घातले. सुरी थोडी अडत असतानाच गॅस बंद केला. त्या क्षणी फार जिवावर आले होते, कारण भाजी कच्ची आहे असेच वाटत होते. दुसरा घाणाही तसाच केला. दोन्ही घाणे वेगवेगळ्या पसरट भांड्यांतच ठेवले, एकावर एक ओतले नाहीत.

आरतीला उशीर झाला, पाने पावणेनऊला मांडली गेली. नैवेद्य दाखवल्यावर सासूबाईंना पहिले पान वाढले. त्यांनी काशीफळाची एक फोड तोंडात घातली, माझ्याकडे पाहिले आणि "मीठ बरोबर आहे," एवढेच म्हणाल्या. त्यांना माहीत होते की मी कशाची वाट पाहत होते.

फोडी अखंड होत्या आणि आतपर्यंत शिजलेल्या होत्या. रस पोळीकडे गेला नाही, वर्धाकाठ यांचे तिळा-खोबऱ्याचे वाटण त्या कामी आले. खसखस घरात नव्हती, तिच्याशिवायही भागले. शेवटच्या पंगतीला सगळी भाजी संपली आणि आम्हा वाढणाऱ्या तिघींच्या वाट्याला जेमतेम एकेक डाव आली. पुढच्या वर्षी अर्धा किलो जास्त घ्यावी लागेल. एक चूक झाली, ती लिहून ठेवते: दुसऱ्या घाण्याच्या वेळी कढई आधीच तापलेली होती, त्यामुळे मोहरी टाकताच फुटली आणि मेथीदाणे पहिल्यापेक्षा गडद झाले. त्या भांड्यातली भाजी लक्ष देऊन खाल्ली तर किंचित कडसर होती.

तापीकाठ | 3 सप्टेंबर 2025, रात्री 8:40

वाचून फार समाधान वाटले, ताई. दुसऱ्या घाण्याआधी कढई धुऊन, कोरडी करून, तेल गार असतानाच मेथीदाणे घालावेत आणि तेलाबरोबर तापू द्यावेत. मग ते एकदम जळत नाहीत. मोहरी त्यानंतर घातली तरी चालते.

माजघर | 3 सप्टेंबर 2025, रात्री 9:10

बिया टाकल्या नसतील तर धुऊन, सावलीत चार दिवस वाळवाव्यात. सोलून, भाजून तिळाबरोबर कुटल्या की पुढच्या भोपळ्याच्या भाजीला तेच वाटण लावता येते.

दुधनाकाठ | 3 सप्टेंबर 2025, रात्री 9:30

बिया सासूबाईंनी कालच सुपात पसरून खिडकीत ठेवल्या आहेत. मिठाच्या चिठ्ठीवर "काशीफळ, 2 किलो 900 ग्रॅम, पावणेसहा सपाट चमचे, दोन घाणे" असे लिहून ती त्यांच्या पोथीच्या कपाटात महालक्ष्मीच्या कहाणीच्या पुस्तकात ठेवली आहे.